थांबलेली गाडी कोण धरतो?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'मोटारीतील ऑटो होल्ड' असे कळविले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा उलट फोन आला. संघटनेचा माणूस म्हटल्यावर किमान वेतन, बोनस, फार तर नव्या कामगार संहिता असा काहीतरी विषय येईल अशी त्यांची अटकळ होती. एका बटणावर तुम्ही पाऊण तास काय बोलणार, असे त्यांनी फार सभ्यपणे विचारले. आम्ही म्हटले, बोलून तर पाहू. लोक उठून जाऊ लागले तर बोनसवर येऊ.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो असा. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात आम्हाला मुंबईच्या पेडर रोडने दोनदा जावे लागले. पहिल्या खेपेस आमच्या एका वकील स्नेह्यांच्या नव्या मोटारीतून गेलो. केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोडचा चढ लागतो हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या चढावर सिग्नल पडला. गाडी थांबली आणि वकीलसाहेबांनी दोन्ही पाय जवळ घेऊन मांडीवरचा रुमाल घडी घालायला सुरुवात केली. आमचा जीव वर आला. मागे पाण्याचा टँकर उभा. आम्ही म्हटले, "अहो, तुमचे पाय कुठे आहेत?" ते हसले आणि समोरच्या तबकडीवरची हिरवी अक्षरे त्यांनी दाखविली. गाडीने स्वतःच ब्रेक धरून ठेवला होता. सिग्नल सुटला, त्यांनी ॲक्सिलरेटरला पाय लावला, गाडी एक बोटभरही मागे न येता पुढे निघाली.

चार दिवसांनी त्याच चढावर आम्ही आमच्या एका सभासदाच्या टॅक्सीत बसलो होतो. संध्याकाळची वेळ, तोच सिग्नल. ह्याचा डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. उजव्या पायाची पोटरी थरथरत होती, ती पँटच्या कापडावरून दिसत होती. आम्ही विचारले, "काय रे, बरे नाही का?" तो म्हणाला, "भाऊ, गाडी चालवायचे श्रम नाहीत. गाडी थांबवून धरायचे श्रम आहेत."

ह्या वाक्याने आम्ही चमकलो. तीस वर्षे आम्ही चालकांमध्ये काम करीत आहोत. तास मोजले, फेऱ्या मोजल्या, किलोमीटर मोजले. पण गाडी उभी असताना चालक काय करतो हे आम्ही कधी मोजले नव्हते. आमच्या हिशेबात तो तेव्हा विश्रांती घेत होता!

आपण हा हिशेब आताच करून पाहू. एका सिग्नलवर सरासरी दीड मिनिट धरा. शहरात दहा तास गाडी हाकणाऱ्याला दिवसात साठ वेळा असे थांबावे लागते असे धरा. नव्वद मिनिटे झाली. दीड तास तो माणूस एका पायाने एक पट्टी दाबून बसलेला असतो. हे आकडे आम्ही कुठल्या अहवालातून आणलेले नाहीत. कोणीही टॅक्सीत बसून घड्याळ लावावे आणि आपले आकडे घालून गुणाकार करावा.

बरे, एवढे धरायचे ते काय? सव्वा टनाची गाडी दहास एक अशा चढावर उभी असेल, तर तिला मागे ओढणारा जोर सुमारे सव्वाशे किलोचा असतो. दोन धडधाकट माणसे मागच्या बंपरला लोंबकळत आहेत असे समजा. हा सगळा भार काही चालकाच्या पायावर येत नाही. इंजिन चालू असते तोवर निर्वाताच्या बळावर ब्रेकला मदत मिळते आणि पायाला त्यातला थोडाच वाटा उचलावा लागतो. पण तो थोडा वाटा हलवता येत नाही, कमी करता येत नाही, ह्या पायावरून त्या पायावर घेता येत नाही. पाणी भरलेली कळशी डोक्यावरून नेणे एक, आणि तीच कळशी हात लांब करून धरून उभे राहणे एक. आमच्या मायभगिनींना हा फरक सांगायला नको. शिवाय स्वयंचलित गिअरच्या गाड्यांची आणखी एक खोड आहे. त्या गिअरमध्ये असताना ब्रेक सोडला की सपाट रस्त्यावरसुद्धा मुंगीच्या पावलाने पुढे सरकतात. म्हणजे तिथे चढ नसला तरी पाय उचलण्याची सोय नाही.

यावर कोणी म्हणेल, हँडब्रेक कशाला दिला आहे? बरोबर आहे. सिग्नल लांबला तर गाडी न्यूट्रलमध्ये घालावी, हँडब्रेक ओढावा आणि पाय मोकळे करावे, अशीच रीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला पंधरावा नियम परवान्याच्या परीक्षेसंबंधी आहे. त्यात उमेदवाराने तीव्र चढावर हँडब्रेक वापरून, किंवा ॲक्सिलरेटर व पायब्रेक यांचा मेळ घालून, मागे न घसरता गाडी पुढे काढली पाहिजे असे सांगितले आहे. परीक्षेच्या दिवशी हे सगळे करतात. पुढे रस्त्यावर काय होते? सिग्नल सुटण्याआधी तीन सेकंद मागचे हॉर्न सुरू होतात. हँडब्रेक उतरवायला लागणारा वेळ मागच्याला सहन होत नाही. मग चालक हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो. त्यात क्लचप्लेट जळते, आणि प्लेट जळली की मालक चालकाच्या नावाने खडे फोडतो.

तर गाडी धरून ठेवण्याचे हे काम माणसाच्या पायाकडून काढून घ्यावे, ही कल्पना काल-परवाची नाही. अमेरिकेत स्टुडबेकर नावाची मोटार कंपनी होती. तिने १९३६ साली आपल्या 'प्रेसिडेंट' गाडीत 'हिल होल्डर' म्हणून एक युक्ती बसविली. ती इतकी सुबक आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रेकचे पट्टे किंवा चकत्या चाकाला आवळतात त्या तेलाच्या दाबाने, हे आपल्याला माहीत असेल. पट्टी दाबली की तेल नळीतून चाकाकडे जाते, सोडली की परत येते. स्टुडबेकरवाल्यांनी त्या नळीच्या वाटेवर एक लहानशी डबी बसविली आणि डबीत एक गोळी ठेवली. गाडी चढावर उभी राहिली की तिचे नाक वर होते, गोळी आपल्याच वजनाने मागे घरंगळते आणि तेलाच्या परतीच्या भोकावर जाऊन बसते. आता ब्रेकवरचा पाय काढला तरी चाकाकडे गेलेले तेल परतू शकत नाही, गाडी जागच्या जागी धरलेली राहते. गोळीला तिथून बाजूला सारणारा दांडा क्लचला जोडलेला असे. क्लच सुटू लागला, इंजिनाचा जोर चाकाला पोचू लागला, की दांडा गोळी ढकलतो आणि ब्रेक सुटतो. वीज नाही, तारा नाहीत. उतार कोणत्या बाजूला आहे हे गोळीला गुरुत्वाकर्षण सांगते आणि निघायची वेळ झाली हे तिला क्लच सांगतो. पुढे जपानच्या सुबारू कंपनीनेही आपल्या गाड्यांत ही सोय बरीच वर्षे ठेवली होती.

आजचा ऑटो होल्ड हा त्या गोळीचाच शिकलेला नातू आहे. १९७८ साली मर्सिडीजच्या गाडीत बॉशने बनविलेली एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी योजना, आली. १९९५ साली त्याच दोन कंपन्यांची ईएसपी आली, म्हणजे गाडी वळणावर भरकटू लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी योजना. या दोन्हींसाठी प्रत्येक चाकावर वेग सांगणारा एकेक पहारेकरी बसवावा लागला, आणि तेलाच्या नळ्यांवर विजेने उघडझाप करणारे व्हॉल्व्ह व एक छोटा पंप लागला. एकदा ही सामग्री गाडीत आली, की उभी गाडी धरून ठेवणे हे तिला बाएँ हाथ का खेल, असे आमचे हिंदी भाषक सभासद म्हणतात. चाके थांबली हे पहारेकऱ्यांनी सांगितले की व्हॉल्व्ह मिटतो आणि तेलाचा दाब आत कोंडून राहतो. गाडी तरीही हलू लागली तर पंप आणखी दाब देतो. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा जोर पुरेसा झाला, की व्हॉल्व्ह उघडतो. 'हिल होल्ड' किंवा 'हिल असिस्ट' म्हणून जे स्वस्त गाड्यांतही मिळते ते ह्याचे धाकटे भावंड. ते पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर नेण्यापुरते, दोन-तीन सेकंद धरते आणि सोडते. दोन्हींची गल्लत करू नये. गल्लत झाली तर चौथ्या सेकंदाला समजते!

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आमचे पुढचे सगळे बोलणे तिच्यावर उभे आहे. तो व्हॉल्व्ह मिटलेला ठेवायला वीज सतत वाहती ठेवावी लागते. वीज वाहिली की वेटोळे तापते. म्हणजे पोटरी जशी थकते तसे हे यंत्रही आपल्या परीने थकते. म्हणून बनविणाऱ्यांनी त्याला बदली कामगार दिला आहे. काही मिनिटे उलटली, किंवा चालकाने पट्टा सोडला, दार उघडले, इंजिन बंद केले, की गाडी इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक लावते. हा ब्रेक म्हणजे बहुधा मागच्या चाकांच्या कॅलिपरवर बसविलेल्या दोन छोट्या मोटारी. त्या आटे फिरवून ब्रेक आवळतात आणि थांबतात. एकदा आवळल्यावर मग वीज असो, नसो, आटे जिथल्या तिथे राहतात. थकणाऱ्याने न थकणाऱ्याच्या हाती काम सोपवायचे आणि मगच सुट्टीवर जायचे, अशी ही व्यवस्था आहे.

ह्या सोयीच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर आम्ही एखाद्या मोटार कंपनीचे विक्रेते झालो असे आपणास वाटेल. चिखलात किंवा बर्फावर चाक धरून ठेवले तरी गाडी घसरू शकते. पार्किंगच्या अरुंद जागेत इंच इंच गाडी सरकवायची असते तेव्हा ऑटो होल्ड दर वेळी गाडी धरतो आणि चालक वैतागतो. तिथे बटण बंद करावे. हातगिअरच्या गाडीत उजव्या पायाची सुटका होते, डाव्या पायाचे क्लचचे दुःख तसेच राहते. आणि गाडीतून उतरताना यंत्राने पार्किंग ब्रेक लावला असेलच, असे गृहीत धरून निघून जाऊ नये. दिवा पाहावा, मग उतरावे.

पण फायदा चालकाइतकाच तुमचाआमचाही आहे. पांढऱ्या पट्ट्यांवरून लेकराचा हात धरून आपण थांबलेल्या गाड्यांच्या समोरून जातो, तेव्हा आपण एका अनोळखी माणसाच्या पोटरीवर विसंबलेले असतो. तो सकाळी सहापासून गाडीवर असेल. त्याला डुलकी लागली, त्याला खोकला आला, किंवा मागून कोणी धडक दिली आणि त्याचा पाय पट्टीवरून निसटला, तर गाडी पुढे येणार. ऑटो होल्ड असेल तर मागून धक्का बसून पाय सुटला तरी चाके आवळलेलीच राहतात.

आमच्या तरुणपणी हे काम कोण करीत असे ते सांगतो. मालट्रकवर एक क्लीनर असे. बहुधा पोरगेलासा, कधी कधी पोरच. त्याच्या पायाशी लाकडाचा एक ठोकळा पडलेला असायचा. घाटात ट्रक अडकला की ड्रायव्हर आतून ओरडायचा आणि पोरगा ठोकळा घेऊन चालत्या गाडीतून उडी टाकायचा. मागच्या चाकाच्या मागे ठोकळा सारायचा. ट्रक पुढे सरकला की ठोकळा उचलून धावत यायचा आणि पुन्हा चढायचा. ठोकळा हाती नसेल तर रस्त्याकडेचा धोंडा. रात्र, पाऊस, मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर, आणि हात दहा टनांच्या चाकाखाली. बोटे गेलेले क्लीनर आम्ही स्वतः पाहिले आहेत. यंत्र आले की माणसाची भाकरी जाते, अशी भीती आमच्या चळवळीत नेहमी असते आणि ती खोटी नाही. पण त्या ठोकळ्याचे काम यंत्राने घेतले म्हणून डोळ्यांतून पाणी काढणारा कार्यकर्ता आम्हाला अजून भेटायचा आहे.

अवजड गाड्यांत पुढे हवेचा ब्रेक आणि त्याच्या जोडीला स्प्रिंगचा ब्रेक आला. त्याची रचना आमच्यासारख्या शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसालाही मोहून टाकते. तिथे जबरदस्त स्प्रिंग चाकाला आवळून धरते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून चाक मोकळे करतो. सकाळी एस.टी.चा चालक इंजिन सुरू करून हवा भरण्याची वाट पाहत बसतो ते ह्यासाठी. हवा नाही, तर गाडी हलणार नाही. नळी फुटली, हवा गेली, तर स्प्रिंग आपोआप चाक धरते. बिघाड झाला की गाडी थांबण्याच्या बाजूला झुकते.

ह्याच्या उलट रचना असली तर काय होते ते कॅनडातल्या एका गावाने पाहिले. क्वेबेक प्रांतात लाक-मेगांतिक नावाचे तळ्याकाठचे गाव आहे. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या ओढणारी मालगाडी त्या गावापासून काही कोसांवर, नांत इथे, उतारावर मुक्कामाला उभी केली. गाडीवर माणूस एकच. त्याने ७ हातब्रेक फिरवून आवळले, इंजिनाचे हवेचे ब्रेक लावले, पुढचे इंजिन चालू ठेवले आणि तो हॉटेलात झोपायला गेला. चालू इंजिन हवा भरीत राहणार आणि त्या हवेच्या दाबाने इंजिनांचे ब्रेक लागलेले राहणार, असा तो भरवसा होता. स्प्रिंगच्या नेमके उलट: इथे हवा होती तोवरच हा ब्रेक होता. थोड्या वेळाने त्या इंजिनात आग लागली. बंब आले, आग विझली, आणि विझविताना इंजिन बंद केले गेले. हवा भरणे थांबले. हवा हळूहळू गळू लागली. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास गाडी एकटीच निघाली, अकरा-साडेअकरा किलोमीटर उतरत गेली आणि ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने गावाच्या मध्यभागी रुळांवरून घसरली. ४७ माणसे गेली.

नंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. ती गाडी नुसत्या हातब्रेकांवर धरायला निदान १७, आणि कदाचित २६ पर्यंत, हातब्रेक लागले असते असे मंडळाने २०१४ च्या अहवालात सांगितले. पण ७ च का लावले, एवढे सांगून ते थांबले नाही. एकट्या माणसावर सोडलेली गाडी, नीट दुरुस्त न केलेले इंजिन, कंपनीची ढिली शिस्त, सरकारची ढिली देखरेख, अशी १८ कारणे त्याने मांडली. खटला मात्र भरला गेला तो आधी तीन नोकरांवर. जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडले. आम्हाला येथे त्या चालकाची वकिली करायची नाही. सांगायचे इतकेच, की यंत्र धरते म्हणून माणूस निर्धास्त झोपला, यंत्राच्या जागी दुसरे कोणी उभे नव्हते, आणि सकाळी सगळ्यांनी बोट दाखविले ते सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाकडे. मोटारीतला ऑटो होल्ड काही मिनिटांनी आटे आवळतो आणि मगच सोडतो, ह्याचे मोल तुम्हाला आता वेगळे सांगायला नको.

रेल्वेचाच आणखी एक दाखला देतो, तो जुना आहे. अमेरिकेत एके काळी मालगाडीला ब्रेक लावायचा म्हणजे माणसांनी डब्यांच्या टपांवरून धावत जाऊन एकेका डब्याचे चाक हाताने फिरवायचे. चालत्या गाडीवर, हिवाळ्यात, बर्फ साचलेल्या टपांवर. पडून किती मेले आणि किती लुळे झाले ह्याची गणती करणेही कठीण. जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेचा ब्रेक १८६९ साली काढला, आणि गाडी मधेच तुटली तरी आपोआप लागणारा सुधारलेला ब्रेक १८७२ साली. प्रवासी गाड्यांना तो लवकरच बसला. मालगाड्यांना का नाही? मालगाडीतले गहू आणि कोळसा तक्रार करीत नाहीत, आणि टपावरच्या माणसाची तक्रार कोणी ऐकत नव्हते. सगळ्या गाड्यांना तो ब्रेक लावण्याची सक्ती करणारा कायदा तिथे झाला १८९३ साली. शोध आणि कायदा यांत एकवीस वर्षे गेली. तीही गप्प बसून गेली नाहीत. कामगारांनी आणि त्यांच्या कैवाऱ्यांनी ती ओरडून घालवली.

आता आपल्याकडे पाहा. ऑटो होल्ड कोणाच्या गाडीत आहे? बाजारात एकाच नावाच्या गाडीचे चार-सहा प्रकार असतात. ही सोय इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकबरोबर येते, आणि तो बहुतकरून वरच्या किमतीच्या प्रकारांत असतो. म्हणजे जो गृहस्थ दिवसातून तासभर गाडी चालवून कचेरीत जातो, त्याच्या पायाला आराम. आणि भाड्याच्या धंद्यासाठी म्हणून जे प्रकार विकतात, ज्यांत माणूस दहा-बारा तास बसतो, त्यांत साधा हँडब्रेक. सुंठीवाचून खोकला गेला तो ज्याला खोकला नव्हता त्याचा!

हे असेच चालायचे, असे मात्र नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून जड मालट्रकांच्या चालकाच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ट्रकवाल्याला ए.सी. ही कल्पना ऐकून ज्यांनी पोट धरून हसावे असे मालक आमच्या परिचयाचे होते. झळा मारणाऱ्या इंजिनाशेजारी बसून राज्याराज्यांतून जाणारा माणूस थकतो आणि थकलेला माणूस अपघात करतो, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला किती उन्हाळे गेले! पण आली. एबीएससुद्धा आधी चैनच होती. २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे.

आमच्या संघटनेनेही एक लहानसा प्रयत्न केला. त्याची हकीकत सांगून थांबतो. कचेऱ्यांच्या नोकरवर्गाची ने-आण करणारे एक मोठे गाडीमालक आहेत. त्यांचे चालक आमचे सभासद आहेत. गेल्या मागणीपत्रात आम्ही नववी मागणी घातली, की यापुढे नव्या गाड्या ऑटो होल्डच्या घ्याव्या. मालकांनी वाचून विचारले, "चालक गाडीत झोपावेत अशी तुमची इच्छा आहे का?" आम्ही त्यांना त्यांच्याच गाडीने, त्यांनी स्वतः चालवून, संध्याकाळी सहा वाजता शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याची विनंती केली. ते गेले नाहीत, त्यांचा मुलगा गेला. परत आल्यावर त्याने बापाला काय सांगितले ते कळले नाही, पण दोन गाड्या प्रयोगादाखल घेण्याचे ठरले. चालकांनी त्या आळीपाळीने चालवाव्या.

आम्ही खूश झालो. पहिला नंबर कोणाचा यावरून आमच्याच सभासदांत आठ दिवस भांडण चालले, तेही आम्ही हौसेने मिटविले. आळीपाळीची अट मान्य करताना आमच्या डोक्यात शिरायला हवे होते ते शिरले नाही. आठवडाभर ऑटो होल्डच्या गाडीवर बसलेला आमचा एक सभासद सोमवारी आपल्या जुन्या, स्वयंचलित गिअरच्या गाडीवर आला. तिसऱ्या सिग्नलवर त्याने सवयीने पाय उचलला. गाडी मुंगीच्या पावलाने निघाली आणि समोरच्या स्कूटरला टेकली. स्कूटरवरच्या बाई उतरल्या, त्यांनी त्याला चार शब्द सुनावले आणि त्या निघून गेल्या. कोणाला इजा नाही. मालकांनी मात्र त्याचा एक दिवसाचा पगार कापला आणि निष्काळजीपणाची नोंद केली.

चूक त्याची आहेच, पाय त्याचाच होता. पण सात दिवस एका पायाला एक शिकवायचे आणि आठव्या दिवशी त्याच्याच उलट वागायला सांगायचे, ही आळीपाळी ठरविली मालकांनी आणि तिच्यावर सही केली आम्ही. हे आम्ही आमच्या सभासदांच्या बैठकीत उभे राहून सांगितले. काही जण म्हणाले, मागणीच मागे घ्या, जुने होते ते बरे होते. ज्याचा पगार कापला तो मात्र तसे म्हणत नाही. तो म्हणतो, "भाऊ, एक तर सगळ्या गाड्यांत द्या, नाहीतर एकदा दिलेली गाडी ज्याची त्याच्याकडे राहू द्या. माझा गुडघा आठ दिवसांत निम्मा बरा झाला होता." नववी मागणी आम्ही त्याच्याच शब्दांत पुन्हा लिहून दिली आहे. कापलेल्या पगारासंबंधी मालकांशी बोलणी पुढच्या पंधरवड्यात आहेत. या वेळी मुलगाही येणार आहे असे कळते.